मंदाताईंचं निरोगी पान

मंदाताई बेळ्यांच्या घरी जेवायला बसलं की भाजी कसली आहे हे आधी विचारून घ्यावं लागे. त्यांच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन प्रकारची भाजी असायची. एक घरच्यांसाठी, एक कामासाठी. कामाची भाजी आजारी असायची.

बाई चित्रकार होत्या. नाशिकमध्ये चित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घाट येतो, पायऱ्या, देवळं, पाण्यात पडलेलं ऊन. मंदाताईंनी जन्मात घाट काढला नाही. त्या रोग काढायच्या. द्राक्षाच्या पानावरचे, टोमॅटोवरचे, कांद्याच्या पातीवरचे. आमच्या शेतीच्या मासिकात मधल्या पानावर त्यांचं रंगीत चित्र यायचं, त्याखाली मी मजकूर लिहायचो, आणि बागाईतदार ते पान फाडून पंपाच्या खोलीत चिकटवायचे. मजकूर कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. एकदा चुकून मागच्या महिन्याचाच मजकूर पुन्हा छापला गेला, तर एकाही वाचकाची तक्रार आली नाही. चित्रावरून मात्र लोक बोट फिरवून बघायचे, पावडर हाताला लागते का ते.

मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्या कार्यालयात ट्यूबलाइटखाली एक पान देठाला धरून उभ्या होत्या. मी तेव्हा गावोगावच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचो, आवाजाचा मला फार माज होता. मी समोर जाऊन, छाती भरून, अगदी रंगमंचावरचा नमस्कार घातला. "नमस्कार! आपल्या कुंचल्याचा मी..."

"थांब," त्या म्हणाल्या. पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या नमस्कारात निम्मी भुरी उडून गेली."

भुरी म्हणजे द्राक्षावर टाल्कम पावडर सांडल्यासारखी दिसणारी बुरशी. ते पान दिंडोरीहून कोणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून, मोटारसायकलवर मांडीत धरून आणलं होतं. मी पहिल्याच दिवशी ते बरं करून टाकलं. त्यानंतर मंदाताईंपुढे मी कायम तोंड थोडं बाजूला वळवून बोलत आलो. ती सवय अजून गेलेली नाही. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी भिंतीकडे बघून का बोलता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवर नवी चित्रं बघायला जमायचं, असा शिरस्ता होता. आम्ही म्हणजे तिघंच. आमचे संपादक अण्णा, मी, आणि मंदाताईंचे यजमान बेळेकाका, ते घरातच असायचे म्हणून. जेवणाच्या टेबलावर चित्रं पालथी मांडलेली असायची. मंदाताई एकेक उलटायच्या आणि दमलेल्या आवाजात सांगायच्या, "ही डावणी. ही भुरी. हा करपा. ह्याला अजून नाव नाही, अण्णा, तुम्ही विद्यापीठात विचारा." सरकारी दवाखान्यात रात्रपाळी संपवून घरी निघालेली सिस्टर जशी दुसरीला खाटा समजावून देते, तसं.

मला त्या चित्रांपेक्षा ती होतात कशी याचं कुतूहल. खोदून खोदून विचारायचो. त्या सांगायच्या, पण एका जांभईच्या अंतराने.

पान आलं की आधी मागून बघायचं. "पुढून सगळी पानं बरीच दिसतात रे." मग देठ पाण्यात. सकाळी एकदा बघायचं, संध्याकाळी एकदा, कारण दिवसभरात पान मान टाकतं आणि संध्याकाळचा डाग सकाळच्या पानावर बसत नाही. मग पेन्सिलीची बारीक रेघ, मग शिरा, मग हिरवा. हिरवा त्या एकदम लावायच्या नाहीत. खाली पिवळा, त्यावर निळसर, त्यावर पुन्हा पिवळा, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत पंखा बंद. बेळेकाका मे महिन्यात वर्तमानपत्राने वारा घेत बाल्कनीत बसून राहायचे. काही दिवसांनी कागदावर असं तजेलदार पान उभं राहायचं की त्यावर दव टाकावंसं वाटावं.

आणि मग मंदाताई त्याची वाट लावायच्या. पिवळे तेलकट डाग, तपकिरी कडा, पांढरी बुरशी. होत्याचं नव्हतं.

"सरळ डागच का नाही काढत?" मी एकदा विचारलं. "एवढं सुंदर पान करून मग ते..."

"नुसता डाग काढला तर तो टेबलक्लॉथवरचा दिसतो," त्या म्हणाल्या. "आजार कुणाला तरी होतो ना. तो कुणाला झालाय ते आधी दिसायला पाहिजे."

"मग वाईट नाही वाटत?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट वाटायचं सुरुवातीला. आता दमायला होतं. दर वेळी चांगलं करायचं आणि मोडायचं. एकदा मला मध्येच थांबायचंय, सतीश. एकदाच. हिरवं झालं की ब्रश धुवायचा आणि उठायचं."

अण्णा समोर बसून चिवडा खात होते. ते म्हणाले, "मंदाताई, निरोगी पान छापून मी काय करू? शेतकऱ्याला ते झाडावर फुकट बघायला मिळतं."

"मी कुठे म्हणतेय छापा म्हणून," मंदाताई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. पण ती इच्छा त्या दिवशी आम्हा तिघांना कळली, आणि पुढे दर शनिवारी शेवटचं चित्र उलटताना माझं लक्ष त्यांच्या हातापेक्षा चेहऱ्याकडे असायचं. दर वेळी रोगच निघायचा.

आता एवढी वर्षं रोग बघितल्यावर डोळ्यांना दुसरं काय दिसणार? नाशिक रोडला आमच्या छपाईवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. मंदाताई हॉलमध्ये एका खुर्चीत बसून समोरून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका निरखत होत्या. नवरीची मावशी वेलबुट्टीची साडी नेसून अत्तर लावत फिरत होती. ती जवळ आली तसं मंदाताईंनी तिचा पदर अलगद धरला, उलटा करून पाहिला, आणि मला म्हणाल्या, "मॅग्नेशियम कमी आहे." मावशीबाईंना वाटलं, आपल्यालाच सांगितलं. त्या दिवसापासून गोळ्या घेतात म्हणे, आणि बरं वाटतं असंही म्हणतात. साडीवरची पानं खरंच शिरांच्या मध्ये पिवळी छापली होती. मी जवळून पाहिली.

आणि टोमॅटोचं प्रकरण तर आमच्या कार्यालयात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. पिंपळगावहून एक टोमॅटो आला होता, करपलेला, खांद्यावर वर्तुळात वर्तुळ, एखाद्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखा. तसा नमुना मिळत नाही. मंदाताईंनी अर्धं चित्र काढून टोमॅटो कप्प्यात ठेवला. दुपारी त्या बाहेर गेल्या आणि बेळेकाकांनी एकट्यासाठी कोशिंबीर केली. परत आल्यावर मंदाताईंनी कप्पा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"अहो, खांद्यावर गोल गोल होतं तो?"

"तेवढा भाग मी काढून टाकला," काका अभिमानाने म्हणाले.

"तेवढा भाग कुठे आहे?"

तेवढा भाग ओल्या कचऱ्यात सापडला. तो चिमट्याने उचलून, धुऊन, बशीत ठेवून मंदाताईंनी उरलेलं चित्र पूर्ण केलं. काका पुढे आठवडाभर जेवताना बशी उचलून खालून बघायचे. मंदाताई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडायच्या नाहीत, ओरडायला लागणारा जोर त्यांच्यापाशी शिल्लक नसायचा. एवढंच म्हणाल्या, "चव कशी होती ते सांगून ठेवा. सतीशला मजकुरात घालता येईल."

मग कॅमेऱ्याचे फोन आले. शेतकरी पानाचा फोटो काढायचा, पाठवायचा, आणि मिनिटात उत्तर यायचं. मधल्या पानावर आम्ही फोटो छापायला लागलो. अण्णांनी मंदाताईंना हे सांगायला मलाच पाठवलं, कारण गोड बोलायचं काम असलं की अण्णांना माझा आवाज आठवायचा. मी वाटेत तीन सुरुवाती तयार केल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो का? बरं झालं. ये, बस."

शनिवार मात्र आम्ही सोडला नाही. टेबलावर जुनीच चित्रं निघायची. मंदाताई अधूनमधून पान आणायच्या, देठ पाण्यात ठेवायच्या, बघत बसायच्या. काढायच्या नाहीत. काका म्हणायचे, "आता वेळच वेळ आहे, काढ ना तुझं ते हिरवं पान." त्या म्हणायच्या, "कुणासाठी?" नुसतं काढायचं म्हणून काढणं त्यांना यायचंच नाही. कोणीतरी मागितलेलं असलं तरच त्यांचा हात चालायचा, मग ते मागणं बुरशीचं का असेना.

मागणारा निघाला दिंडोरीचा. बापू. त्यांच्या बागेतून मंदाताईंना कितीतरी वर्षं पानं येत होती. बापूंनी बागेशेजारी नवा बंगला बांधला होता आणि हॉलची समोरची भिंत रिकामी होती. मुलाने तिथे धबधब्याचं पोस्टर सुचवलं, जावयाने धावते घोडे. बापू म्हणाले, आपल्या ताईंचं चित्र लावू. आणि थेट गंगापूर रोडला येऊन सोफ्याच्या टोकावर बसले. मी तिथेच होतो.

"ताई, एक चित्र पायजे. हॉलमधी लावायचंय."

"कुठला रोग?"

"रोग नाय. चांगलं काढा. बाग लागली तव्हा कशी व्हती तसं. एक पान काढलं तरी चालंल."

मंदाताई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. बापूंना वाटलं आपण काही चुकीचं बोललो, ते माझ्याकडे बघायला लागले. मग त्या म्हणाल्या, "पान तुमच्याच बागेतलं पाहिजे. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत."

त्या पानाला किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत, पण शनिवार हुकले. काका फोनवर दबक्या आवाजात बातम्या द्यायचे. हिरवा झालाय. आज नुसती बघत बसलीय. आज पांढऱ्या रंगाची नळी मला दिली आणि म्हणाली लपवा, माझा हात आपोआप तिकडे जातोय. काकांनी ती इतकी मन लावून लपवली की मग त्यांनाही सापडली नाही.

एका शनिवारी बोलावणं आलं. टेबलावर एकच कागद, पालथा. मंदाताईंनी तो उलटला आणि पहिल्यांदाच नाव सांगितलं नाही.

पान होतं. देठाजवळ किंचित तांबूस, कडेला एक कोवळी मुरड, आणि मध्ये एवढं हिरवं की माझं सगळं पाठांतर विसरायला झालं. सूत्रसंचालकाची शब्दांवाचून पंचाईत झालेली तुम्ही पाहिली नसेल. ती त्या दिवशी त्या टेबलापाशी झाली.

अण्णांनी चष्मा वरखाली केला. "सुंदर. पूर्ण कधी होणार?"

"झालं," मंदाताई म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या.

बापूंनी काचेच्या फ्रेममध्ये घालून ते हॉलमध्ये लावलं. वास्तुशांतीला दोन-तीन गावं जेवून गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातला फोन वाजायला लागला.

झालं होतं असं की बापूंच्या चुलतभावाने चित्राचा फोटो काढून द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बेळे ताईंनी नवीन काढलाय. कोणाकडे आला आहे का?" बस. ताईंनी काढलाय म्हणजे रोग असणार, यात त्या पंचक्रोशीत कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. एकाने उत्तर दिलं, कडेची मुरड बघा, व्हायरस आहे. दुसरा म्हणाला, देठ लाल पडलाय, पोटॅश कमी. तिसऱ्याने लिहिलं, आमच्या खालच्या बागेत सेम आहे. मण्यात पाणी उतरायचे, द्राक्षं पिकायला लागायचे दिवस, म्हणजे वर्षभराची मेहनत टांगणीला लागलेली. दुपारपर्यंत माणसं वेलींखाली वाकून पानं उलटी करत होती, आणि त्यातल्या पुष्कळांच्या बागेत सगळी पानं अगदी चित्रासारखी निघाल्यामुळे घबराट फारच वाढली. संध्याकाळी खबरदारी म्हणून फवारण्या सुरू झाल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंचा मला फोन. "दादा, ताईंना घेऊन या. माझं कोणी ऐकू नाय राहिलं. हॉलमधी माणसं बसलीयेत."

मी मंदाताईंना सगळं सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं असेल, मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पर्स उचलली आणि गाडीत बसल्या. रस्त्यात एकच वाक्य बोलल्या. "एकसुद्धा म्हणाला नाही का रे, की पान चांगलं आहे?"

मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

हॉलमध्ये नव्या सोफ्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं आणि त्यावर दहा-बारा बागाईतदार गंभीर चेहऱ्याने बसले होते, एखाद्याला दवाखान्यात भेटायला आल्यासारखे. समोर भिंतीवर पान. मंदाताईंना पाहून सगळे उठले.

"बसा," त्या म्हणाल्या. "काही नाही. पान बरं आहे."

कोणी हललं नाही.

"पण ताई, ती मुरड?"

"कोवळं आहे, म्हणून."

"आन देठाची लाली?"

"ऊन लागलं की येते. तुमच्या पण बागेत आहे."

"तेच तर म्हनतोय. आमच्या पण बागेत हाय," तो माणूस खचून खाली बसला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारे नाना होते, बापूंचे सासरे. त्यांनी हातातली काठी जमिनीवर टेकवली. "म्हंजी रोगच नाय?"

"नाही."

"मंग काढलं कशाला?"

मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ वक्ते पडलेले पाहिले. पण इतका सरळ प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नव्हता. मंदाताईंनी बापूंच्या बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला आणि अर्धा प्यायल्या.

बापू त्यांच्याजवळ सरकले. माणूस भला, त्यामुळे फार अवघडलेला. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, राग नका धरू. लोक येऊ राहिले, विचारू राहिले. कोपऱ्यात एक बारीक ठिपका टाकला तर? डावणीचा. कोनाला तरास नाय. बघनाऱ्याला कळंल तरी, काय हाय ते."

मंदाताई उठल्या. चित्राजवळ गेल्या, चष्मा काढला, काचेला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. बापूंच्या मुलाने तत्परतेने फ्रेम उतरवायला हात घातला. मी तोंड बाजूला वळवलं, आणि या वेळी त्याचं कारण भुरी नव्हतं.

"नाही टाकत, बापू," त्या म्हणाल्या. "हवं तर परत नेते. ठिपका नाही टाकत."

बापू चित्राकडे बघत राहिले. मग जमलेल्या माणसांकडे. मग मुलाला म्हणाले, "सोड ती फ्रेम. राहू दे."

"आन कोनी इचारलं तर?" सोफ्यावरून आवाज आला.

"तर सांगायचं, बरं हाय."

तेवढ्यात नाना काठी टेकत उठले. सावकाश भिंतीपाशी गेले. पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दोन बोटांनी फ्रेमची खालची कड उचलली, मान वाकडी केली आणि मागे डोकावले.

"काय दिसतंय, नाना?" बापूंनी विचारलं.

"भित," नाना म्हणाले. "मागून पन साफ हाय."

मंदाताई हसल्या. मोठ्याने, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळेच हसले, सोफ्यांचं प्लॅस्टिक करकर वाजलं, चहा आला, आणि माणसं एकमेकांना आपापल्या बागेत कसे वाकले होते त्याच्या नकला करून दाखवू लागली. मीही दोन नकला केल्या. बऱ्या झाल्या.

त्या गोंधळात मंदाताई पानाखालच्या सोफ्यावर बसल्या होत्या. चहाचा कप रिकामा झाला, मांडीवर कलंडला. बापूंच्या बायकोने तो हळूच काढून घेतला. मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं. त्यांना झोप लागली होती.

एकेकाच्या लक्षात आलं तसे आवाज खाली आले. कोणी निघायचं नाव काढलं नाही, दार वाजेल म्हणून. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर घरघरत होता, खबरदारीचा दुसरा दिवस. तो वळून बंगल्याच्या बाजूच्या ओळीत शिरला तशा खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बापूंनी आधी खिडकीतून हात हलवला. मग चपला न घालता बाहेर पळाले, ओळीओळींतून वाकत, दोन्ही हात वर करून. घरघर थांबली.

बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला. "बंद ठेव रे थोडा वेळ. ताई झोपल्यात."